कारागिराचे छप्पर

भेडाघाट म्हटले की संगमरवराचे उंच कडे, त्यांच्यामधून संथपणे वाहणारी नर्मदा आणि धुवांधारचा प्रपात ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. इतिहासाच्या अभ्यासकास तेथील टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे मंदिरही आठवते. याच भेडाघाटात कलचुरी राणी अल्हणदेवी हिचा शिलालेख सापडला. तो कलचुरी संवत् ९०७ चा, म्हणजे इ. स. ११५५ चा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या कलचुरी-चेदी लेखांच्या संग्रहात तो समाविष्ट आहे. राणीने बांधविलेल्या शिवमंदिराबरोबरच त्या कामाची आखणी करणारा सूत्रधार पीठे आणि शिळेवर अक्षरे कोरणारा महीधर यांची नावेही त्यात नोंदलेली आहेत. कारागिरांची नावे अशी टिकली. परंतु ज्या छपराखाली बसून त्यांनी छिन्नी चालविली, त्याचा मागमूसही उरलेला नाही.

हे स्वाभाविकच होते. आपल्याकडील कारागिराची कर्मशाळा म्हणजे लाकडी मेढी, बांबूचे वासे आणि वर गवत किंवा कौले. उन्हाळ्यात ती थंड राही, यात शंका नाही. पण दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे, वाळवी लाकूड पोखरी आणि लोहाराच्या भात्यातील एखादी ठिणगी गवतावर पडली की वर्षाची कमाई भस्मसात होई. शिवाय असे छप्पर म्हणजे जागेला खिळलेली वस्तू. जागा सुटली की छप्परही सुटले.

या स्थितीत पालट घडविणारी वस्तू दिसावयास अगदी सामान्य आहे. लंडनच्या गोदीतील स्थापत्यविशारद हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. कागदाचा सपाट ताव दोन टोकांवर टेकविला तर मधोमध लवतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो वर ठेवलेले ओझेही पेलतो. लोखंडाच्या पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या की नेमके हेच घडते. राहता राहिला गंज. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि तोही प्रश्न बव्हंशी सुटला. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा सुट्या भागांची लोखंडी घरेच्या घरे जहाजांतून तिकडे रवाना झाली.

इमारत एका ठिकाणी घडवावी आणि दुसऱ्या ठिकाणी जोडावी, ही कल्पना लवकरच मुंबईस पोहोचली. काळ्या घोड्याजवळचे वॉटसनचे हॉटेल १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिले. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश याचा. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून येथे जोडलेल्या. पुढे मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही बाजूंचे लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. बंदरात उतरलेला जड माल आता नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत सहज येऊ लागला. १९०४ साली जबलपुरात तोफगाड्यांचा सरकारी कारखाना स्थापन झाला.

परंतु सरकार आणि धनिक यांना छप्पर कधीच कमी पडत नाही. खरा प्रश्न होता तो स्वतःच्या बळावर उभे राहू पाहणाऱ्याचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीपर्यंत पोहोचले होते. १९१० साली तेथील जागा त्यांना सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचे बत्तीस एकर ओसाड माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रे उचलून नेता येतात. दगडमातीच्या भिंती नेता येत नाहीत. किर्लोस्करांना औंधकर भेटले. सर्वांनाच असा आश्रयदाता भेटतो असे नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर नॉर्मन निसेन या अधिकाऱ्याने पन्हळी पत्रा कमानीसारखा वाकवून एक झोपडी सिद्ध केली. सहा माणसे ती चार तासांत उभी करीत. गवंडी-सुतारांच्या तांड्यावाचूनही निवारा उभारता येतो, हे त्यामुळे जगास पटले. आज घराच्या परसात पत्र्याची कर्मशाळा उभारणारा गृहस्थ त्याच परंपरेचा वारस आहे.

मात्र सोपे काम म्हणून ते हयगयीने करून चालत नाही. आखणी करताना दोरीवर ३, ४ आणि ५ हात मोजून काटकोन साधावा. खांब पायातील बोल्टांना घट्ट आवळावेत, कारण वादळात छप्पर खचण्यापेक्षा उडण्याचेच भय अधिक. पत्रे वळचणीकडून आढ्याकडे आणि वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून अंथरावेत, म्हणजे सांध्यांत पाऊस शिरत नाही. भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते. आढ्यापाशी हवेला वाट ठेवावी. वैशाखात पत्रा तापतो, आषाढात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. हे दोष आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत.

तरीही एक गोष्ट उरते. भेडाघाटात आजही संगमरवराच्या मूर्ती आणि शोभेच्या वस्तू घडविणारे हात आहेत. दगड नर्मदेच्या काठचा, विद्या वाडवडिलांची. पण काम करावयाची जागा जर दुसऱ्याच्या मर्जीची असेल, तर ती विद्या पुढच्या पिढीकडे कशी जावी? चार बोल्ट सैल करून जे छप्पर आपल्याबरोबर नेता येते, ते सुंदर नसेल, थंडही नसेल. पण ते कारागिराचे स्वतःचे असते. पीठे आणि महीधर यांच्या वंशजांना शिलालेखातील नावापेक्षा त्याचीच गरज अधिक आहे.