चतुर्थी आणि षष्ठी

इंग्रजी मुलखांतील अनेक जुन्या संस्थांच्या नांवांत 'अंधांकरितां' अशी चतुर्थी असे. चतुर्थी आली कीं देणारा व घेणारा हे दोन पक्ष आलेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील अंध कामगारांनीं आपला संघ काढिला, तेव्हां नांवांत षष्ठी योजिली: 'अंधांचा'. १९२० च्या एप्रिलांत त्याचे सभासद पायीं लंडनला गेले. 'दान नको, न्याय हवा' हें त्यांचें मागणें. त्याच वर्षीं अंधांविषयींचा कायदा झाला.

अमेरिकेंत १९४० मध्यें स्थापन झालेल्या महासंघानेंही षष्ठीच घेतली. त्याचे पहिले अध्यक्ष जेकोबस टेनब्रोक स्वतः अंध होते. अंधुक दिसणाऱ्यांनींही 'अंध' म्हणवून घेण्यांत कमीपणा मानूं नये, हें या महासंघाचें मत. १९९३ मध्यें त्यानें आडवळणी पर्यायांविरुद्ध ठरावच केला. उलट, थोडी दृष्टि शिल्लक असलेल्या कित्येकांस तें नांव आपलें वाटत नाहीं. ते स्वतःस 'अल्पदृष्टि' म्हणवितात.

वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु आतां तो त्यांचा स्वतःचा आहे. लंडनच्या राष्ट्रीय संस्थेनें १९१४ पासून वागविलेली चतुर्थी २००२ मध्यें सोडिली व षष्ठी घेतली. त्याच वर्षीं अंध लोक तिचे सभासद होऊं लागले.