अंगठ्यापासून बँकेपर्यंत

साताऱ्याच्या माण तालुक्यातली, म्हसवडची गोष्ट. रस्त्याकडेला लोखंडकाम करणाऱ्या एका बाईला ताडपत्रीसाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम लहान म्हणून बँकांनी खातं उघडलं नाही. मग चेतना सिन्हांसोबत बायकांनी स्वतःच्याच सहकारी बँकेसाठी अर्ज केला. अर्जावरचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. बँकेत जायचं तर मजुरी बुडते, म्हणून बँकच दारी येऊ लागली. आम्ही गटवाल्या यातून एवढंच शिकलो: संस्था गावात असून भागत नाही, तिचे नियम मजुरीवर जाणाऱ्या बाईला सोयीचे हवेत. पुढच्या बैठकीत आपले नियम तपासू या.