छापील देवांचा कारखाना

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत, गिरगावात सुरू झाला. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी काढलेली त्यांची चौदा पौराणिक चित्रे आधी मुंबईत मांडली गेली, तेव्हा ती पाहायला झुंबड उडाली होती. एवढी मागणी एका चित्रकाराच्या हातून पुरी होणे शक्यच नव्हते. निवडक चित्रे युरोपात छापून घ्यावीत, असे बडोद्याचे एके काळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी पूर्वीच सुचवले होते. रविवर्म्यांनी यंत्रे आणि जर्मन कारागीरच इकडे आणले.

छापील देव तेव्हा नवे नव्हते; पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रे आधीच घरोघरी लागली होती. रविवर्म्यांच्या ओलिओग्राफचे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापाचे, आकर्षण होते ते तैलचित्राच्या दिमाखाचे. प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा वेगळा दगड असे. त्यावर चित्राचा तेवढाच भाग उलटा उतरवायचा आणि एकच कागद ओळीने सगळ्या दगडांवर छापायचा. कागद जरासा सरकला तरी ओठांची लाली गालावर येई. शेवटी वॉर्निशचा हात दिला की कागद तैलरंगासारखा चकाके.

धंदा मात्र रविवर्म्यांना लाभला नाही. मुंबईत प्लेग आला, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. पुढे सिनेमाकडे वळलेले दादासाहेब फाळकेही काही काळ याच छापखान्यात होते.

प्रती वाढल्या की मूळ कलाकृतीचे तेज ओसरते, असे जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये मांडले. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना हा हिशेब नीटसा लागू पडत नाही. राजवाड्यातले चित्र पाहण्यासाठी होते. दुकानाच्या गादीवर टांगलेल्या लक्ष्मीला रोज हार आणि उदबत्ती मिळे. ती कितव्या प्रतीची, हे विचारायचे भक्ताला कारणच नव्हते. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्याही भिंतीवर आता देव आला. शिवाय बायका देवीच्या छापील साडीवर खरे कापड, जर आणि टिकल्या चिकटवीत. म्हणजे हजारांतली एक प्रत पुन्हा एकुलती एक होई.

किंमत मोजावी लागली ती चित्रकाराच्या नावाला. भगिनी निवेदिता आणि कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर कडक टीका केली, तिचा रोख छापांवर नव्हे, मूळ चित्रांच्या पाश्चात्त्य वळणावर आणि नाटकीपणावर होता. पण कॅलेंडरे आणि वेष्टनांवर त्याच देवी झळकू लागल्यावर ‘कॅलेंडरवाला चित्रकार’ म्हणून त्यांना निकालात काढणे फार सोपे झाले. हा शिक्का काहीसा अन्यायाचाच, कारण छापातला सपाटपणा पुष्कळदा दगडावर काम करणाऱ्या हातांचा होता.

१९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत गेला. १९७९ मध्ये रविवर्म्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरली आणि मूळ चित्रे देशाबाहेर नेण्यास बंदी आली. एकेकाळी बाजारात स्वस्तात मिळणारे ओलिओग्राफही आता संग्राहक आणि लिलावदार शोधतात, आणि जर-टिकल्यांनी सजवलेल्या प्रतींना त्यांत वेगळा मान आहे.