रोममध्ये सत्ता बदलली, त्याचा सोलापूरजवळच्या तेरशी काय संबंध?

सोलापूरची चादर आणि टॉवेल आज देशभर जातात. पण या भागातलं कापड दोन हजार वर्षांपूर्वीही दूरच्या बाजारात पोहोचत होतं. त्याचं मोठं केंद्र होतं तेर. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं हे गाव आज संत गोरा कुंभारांमुळे ओळखलं जातं. तेव्हा त्याचं नाव होतं तगर. तगरच्या भरभराटीचं एक कारण थेट रोमच्या राजकारणात सापडतं.

रोममध्ये काय बदललं?

रोममध्ये आधी प्रजासत्ताक होतं. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जायचे, पण खरी सूत्रं सिनेटमधल्या मोजक्या श्रीमंत घराण्यांकडे असायची. सेनापतींच्या सत्तास्पर्धेतून यादवी पेटली. इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलिअस सीझरची हत्या झाली. त्याचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन याने इ.स.पूर्व 30 मध्ये इजिप्त जिंकलं आणि इ.स.पूर्व 27 मध्ये तो 'ऑगस्टस' झाला. सिनेट कायम राहिली, पण सत्ता एका माणसाच्या हाती गेली.

मग तेरचा संबंध कुठे आला?

इजिप्तसोबत तांबड्या समुद्रावरची बंदरं रोमच्या ताब्यात आली. मोसमी वाऱ्यांच्या मदतीने तिथून थेट भारत गाठता यायचा. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की, त्याच्या काळात एकाच बंदरातून 120 जहाजं भारताकडे जात होती.

इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक लेखकाने 'पेरिप्लस' हे व्यापाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या अंतरावरचं हे मोठं शहर असून तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात येते, असं त्यात म्हटलंय. बदल्यात भडोचला इटलीची दारू, तांबं, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी उतरायची.

रोममध्ये यावरून वाद का झाला?

साम्राज्यात पैसा वाढला आणि परदेशी वस्त्रं, रत्नं, मिरी ही प्रतिष्ठेची खूण बनली. जुन्या विचारांच्या लोकांना ते खटकलं. इ.स. 16 मध्ये सिनेटने पुरुषांना रेशीम वापरायला बंदी घातली. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी 10 कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, आपल्याकडून ओढून नेतात, अशी तक्रार प्लिनीने केली. पण व्यापार थांबला नाही. कारण पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेत होतं. तक्रारही चालू आणि तिजोरीही भरत होती.

महाराष्ट्रात काय घडलं?

व्यापारी मार्गांसाठी सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात संघर्ष पेटला. कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची, असं पेरिप्लस सांगतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपला ठसा उमटवला.

समाजातही विणकरांचं वजन वाढलेलं दिसतं. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे 2,000 कार्षापण दरमहा 1 टक्का व्याजाने ठेवले होते. त्या व्याजातून भिक्खूंना वस्त्रं द्यायची होती. नाशिकच्या लेण्यांमध्ये हा लेख आजही आहे. विणकरांचा संघ एका अर्थाने बँकेचंही काम करत होता.

पुरावा काय उरला?

इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरमध्येही मिळाली आहे. तेरचे जुने अवशेष गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहता येतात.

तिसऱ्या शतकात रोममध्ये पुन्हा सत्तेचा गोंधळ माजला. इ.स. 235 ते 284 या काळात वीसहून अधिक सम्राट आले-गेले, नाण्यांतली चांदी घटत गेली. इकडे सातवाहनांची सत्ताही संपली. दोन्ही टोकं कमजोर झाली आणि तगरचं वैभव ओसरलं.

दूरच्या देशातलं सरकार, जकात आणि चलन यांवर इथल्या मागावरची कमाई कशी अवलंबून असते, हे तेरने दोन हजार वर्षांपूर्वी अनुभवलं. निर्यातीवर चालणाऱ्या आजच्या सोलापूरच्या कारखान्यांनाही हे गणित नवीन नाही.