इंदिर ठाकरूणचा मृत्यू : कादंबरीतील व पडद्यावरील

विभूतिभूषण वंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या १९२९ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या बंगाली कादंबरीत वृद्ध इंदिर ठाकरूण प्रारंभीच मरण पावते. अपू तेव्हा तान्हा असतो. तिच्याबरोबर निश्चिंदिपूरचे जुने युग संपले, असे कादंबरीकार म्हणतो. कारण अनेक विवाह करणाऱ्या कुलीन पतीची ती पत्नी होय. त्या विभागाचे ‘बल्लाली बालाई’ हे नावही कुलीन प्रथेचा जनक मानल्या गेलेल्या बल्लाळसेनाचेच स्मरण देते.

सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात हा मृत्यू काही वर्षे पुढे नेला. आगगाडी पाहावयास गेलेल्या भावंडांनाच परतताना बांबूच्या बनात म्हातारी निष्प्राण आढळते. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे; चुनीबालादेवींची भूमिका तर अविस्मरणीयच. तथापि, मूळ कृतीत एका प्रथेची अखेरची साक्षीदार असलेली ही स्त्री येथे मुख्यतः बालमनाचा पहिला मृत्यूनुभव ठरते, आणि कुलीन विवाहांचा इतिहास पडद्याबाहेर राहतो.