आढीची ऊब आणि आंब्याचं गणित

आज आपण आंब्याच्या आढीचा इतिहास ऐकणार आहोत. आढी घालणं आपल्यापैकी अनेकींच्या हातचं काम. खाली भाताचा पेंढा, त्यावर कच्चे आंबे, वर पुन्हा पेंढा आणि गोणपाट. आठ-दहा दिवसांत घरभर वास सुटतो. पण त्या पेंढ्याखाली नेमकं काय घडतं?

कच्च्या आंब्यात पिष्ट असतं, आंबटपणा असतो. पिकताना पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ होतो. ही सगळी रासायनिक क्रिया. झाडावरून उतरवलेला आंबा श्वासही घेत असतो आणि त्यातून थोडी उष्णता बाहेर पडते. पेंढा ती ऊब धरून ठेवतो. ऊब वाढली की क्रियेचा वेग वाढतो. म्हणूनच जुन्या बायका आढीत हात घालून ऊब बघत, आंबे परतत आणि नासका आंबा दिसला की लगेच बाहेर काढत. थर्मामीटर नव्हता, पण निरीक्षण पक्कं होतं.

युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट आकड्यांत मांडली. १८५० साली जर्मनीत विल्हेल्मी यांनी उसाच्या साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं आणि साखर किती वेगानं फुटते ते मोजलं. पुढे १८८४ मध्ये हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी उष्णता आणि वेग यांचा संबंध मांडला. त्यातूनच एक ढोबळ नियम रूढ झाला. तापमान दहा अंशांनी वाढलं, तर बऱ्याच क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. १८८९ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी त्याचं कारण सांगितलं. पदार्थाचे सूक्ष्म कण एकमेकांवर आदळत असतात, पण प्रत्येक धडकेतून क्रिया होत नाही. त्यासाठी कणाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. थोडी उष्णता दिली, तरी उंबरठा ओलांडणाऱ्या कणांची संख्या झपाट्यानं वाढते.

आता हिशोब करू. समजा, २० अंशांवर एखादी क्रिया आठ दिवस घेते. वेग दुप्पट झाला, तर ३० अंशांवर ती चार दिवसांत होईल. मग ४० अंशांवर दोन दिवसांत आंबा पिकेल का? नाही. फळ पिकवणारी विकरं, म्हणजे फळातले कामगारच म्हणा ना, फार उष्णतेत बिघडतात. गर मऊ पडतो, पण चव येत नाही. उलट फार थंडीत, म्हणजे साधारण १२-१३ अंशांच्या खाली, कच्चा आंबा बरेच दिवस ठेवला, तर साल काळवंडते आणि तो नंतर नीट पिकत नाही. म्हणून कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नये.

ऊब हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे इथिलीन वायू. पिकणारं फळ स्वतःच हा वायू सोडतं, हे १९३४ मध्ये इंग्लंडच्या गेन यांनी सिद्ध केलं. आढीत ऊब कोंडते तसा हा वायूही कोंडतो. एक पिकला की शेजारचा पिकू लागतो, तो यामुळेच.

कोकणचा आंबा पूर्वी गलबतांतून आणि आगबोटींतून मुंबईला जायचा. पुढे ट्रक आले. १९९६ मध्ये मुंबईचा फळबाजार नवी मुंबईत वाशीला हलला आणि हापूसच्या पेट्या तिथे उतरू लागल्या. बाजाराचं घड्याळ मात्र आढीपेक्षा घाईचं. अक्षय्य तृतीयेला मागणी वाढते, भाव चढतो. घाईपोटी काही जण कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या पेटीत टाकू लागले. कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन वायू आणि उष्णता निघते. साल पिवळी होते, आत मात्र आंबा कच्चाच. शिवाय त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ते खाणाऱ्याला घातक आणि पुड्या भरणाऱ्या हातांनाही. म्हणून कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. त्याऐवजी तापमान सांभाळलेल्या खोलीत इथिलीन वायू सोडून फळं पिकवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये परवानगी दिली. हवेच्या दहा हजार भागांत जास्तीत जास्त एक भाग, एवढंच त्याचं प्रमाण. आढीचंच हे मोजूनमापून केलेलं रूप.

वाशीत उष्णतेचं आणखी एक काम चालतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आपल्या आंब्याची आयात थांबवली, कारण फळांत फळमाशी सापडली होती. बागायतदारांना मोठा फटका बसला. जानेवारी २०१५ मध्ये ही बंदी उठवण्याचा निर्णय झाला. आता निर्यातीच्या आंब्यावर गरम वाफेची किंवा गरम पाण्याची प्रक्रिया करतात. राज्य पणन मंडळाचं असं केंद्र वाशीला आहे. तापमान सुमारे ४८ अंश ठेवतात. माशीची अंडी-अळ्या मराव्यात, पण आंबा शिजू नये. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले, तर माल वाया जातो.

आपल्या गटांसाठी यातून काय घ्यायचं? घाई करून पैसे मिळतात, पण गिऱ्हाईक एकदाच फसतं. आढी घातल्याची तारीख पेटीवर लिहा. खोलीत थर्मामीटर टांगा आणि सकाळ-दुपार आकडा वहीत उतरवा. दोन हंगामांत तुमच्या खोलीचं तुमचं गणित तयार होईल. मग गिऱ्हाइकाला कोणत्या दिवशी आंबा मिळेल, हे खात्रीनं सांगता येईल.

आणि या आठवड्यात बैठकीत एक प्रयोग करा. एकाच पातेल्यातलं कोमट दूध तीन सारख्या वाट्यांत घ्या. प्रत्येकीत सारखंच विरजण घाला. एक वाटी थंड पाण्याच्या परातीत, एक ओट्यावर आणि एक जाड कापडात गुंडाळून उबेला ठेवा. दर तासाला बघा आणि लिहा. दही लावतात जिवाणू, पण त्यांच्या आतही रासायनिक क्रियाच चालते. दूध तेच, विरजण तेवढंच, वाटी सारखी. बदलायची फक्त ऊब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, विल्हेल्मींच्या काळापासून शास्त्राची रीत हीच आहे. कोणतं दही आधी लागलं, ते पुढच्या बैठकीत मैत्रिणींना सांगा.