एशेरिचचे दोन जिवाणू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासातली १८८६ सालची एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. म्युनिकमधले बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिच जुलाबांनी दगावलेल्या तान्ह्या मुलांची आतडी तपासत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना नागमोडी जिवाणू दिसले, पण ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. आदल्याच वर्षी त्यांनी आतड्यातल्या दुसऱ्या एका जिवाणूचं वर्णन केलं होतं. तो मात्र सहज वाढायचा. पुढे त्यालाच एशेरिचचं नाव मिळालं: ई. कोलाय. नागमोडी जिवाणू मागे पडले.

त्यांना ऑक्सिजन कमी लागतो, आणि शौचाच्या नमुन्यात इतर जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत. १९७२ साली ब्रसेल्समध्ये ते बारीक गाळणीतून वेगळे काढले गेले. १९७७ साली इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मार्टिन स्किरो यांनी इतर जिवाणूंना रोखणारी प्रतिजैविकं माध्यमात घातली. जुलाब झालेल्या ८०३ रुग्णांपैकी ५७ जणांत ते सापडले. जुलाब नसलेल्या १९४ जणांपैकी एकातही नाही. हाच कॅम्पिलोबॅक्टर, कच्च्या चिकनमधून आणि न तापवलेल्या दुधातून पसरणारा.

प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडणं हे माणूस, झाडं, यीस्ट यांचं काम, जिवाणूंचं नव्हे, असा समज तेव्हा रूढ होता. म्हणून कॅम्पिलोबॅक्टरमधला एक जनुकसमूह बाहेरच्या आवरणासाठी असावा असं वाटलं. १९९९ मध्ये क्रिस्टीन शिमान्स्की, पॅट्रिशिया गेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो अनेक प्रथिनांवर साखर चढवतो. ही जनुकं बिघडवली, तर जिवाणू पेशींना नीट चिकटत नाही, आत शिरत नाही, उंदराच्या आतड्यात तग धरत नाही. म्हणजे ही साखर रोगाच्या ताकदीचाच भाग होती.

२००२ मध्ये झुरिकच्या मार्कुस एबी यांच्या गटाने तीच जनुकं ई. कोलायमध्ये घातली. ई. कोलायही प्रथिनांना साखर जोडू लागला! ११६ वर्षांनी एशेरिचचे दोन्ही जिवाणू एका पेशीत भेटले. हीच युक्ती वापरून बनवलेल्या लसी आज मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचल्या आहेत.

सिद्ध करता येत नसतानाही एशेरिच यांनी जे दिसलं ते लिहून ठेवलं, याचं मला मोल वाटतं. आणि हो, ही गोष्ट वाचल्यापासून मी कच्चं चिकन नळाखाली धुणं सोडलंय. शिंतोड्यांबरोबर तो ओट्यावर पसरतो. नीट शिजवलं की मरतो.